पेशंटचे सीआरपी, एलडीएच रिपोर्ट कसे वाचायचे (आणि स्टेरॉइडची घाई का नको)

२०२१ च्या एप्रिलमध्ये मामा कोविडने अ‍ॅडमिट होते आणि मी टोसिलिझुमॅबची चिठ्ठी घेऊन पुणं पालथं घालत होतो, डेक्कन झालं, हडपसर झालं, आणि ते इंजेक्शन व्हायरसला हातही लावत नाही हे मला नंतर कळलं! ते आपल्याच शरीराचा आयएल-६ नावाचा सिग्नल अडवतं.

तर आधी हे डोक्यात घ्या की कोविड गंभीर होतो तेव्हा आपल्या पेशींना फक्त व्हायरसच मारतो असं नाही. त्याच्याशी लढायला शरीर जे सिग्नल सोडतं, सायटोकाइन म्हणतात त्यांना, तेच अती झाले की आपल्याच पेशी मरायला लागतात. अमेरिकेत मेम्फिसच्या सेंट ज्यूड हॉस्पिटलमध्ये तिरुमला देवी कन्नेगंटींच्या टीमने २०२१ मध्ये हे दाखवलं. टीएनएफ-अल्फा आणि इंटरफेरॉन-गॅमा हे असेच दोन सिग्नल, एकेकटे फार काही करत नाहीत, पण दोघं एकत्र आले की पेशीत नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि ती मरायचे दोन-तीन रस्ते एकदमच धरते, एक बंद केला तरी दुसरा चालूच. फुटलेल्या पेशीतला माल बाहेर सांडला की आणखी सिग्नल, मग आणखी पेशी. उंदरांमध्ये हे दोन्ही सिग्नल अडवले तर जीव वाचले. उंदरांमध्ये हं, लगेच औषध शोधत फिरू नका, मी फिरलोय.

आता रिपोर्ट. एक कागद घ्या, लक्षणं सुरू झाली तो दिवस १ धरा, आणि पुढे रोजचे आकडे एकाखाली एक लिहा, कारण एकट्या आकड्यावरून काही कळत नाही, चढतोय की उतरतोय ते बघायचं. सीआरपी हे रक्तातलं एक प्रोटीन, ते लिव्हर बनवतं, मुख्यतः आयएल-६ च्या सांगण्यावरून, म्हणजे तो सिग्नलचा आवाज समजा. एलडीएच हे एन्झाइम पेशीच्या आत असतं, पेशी फुटली की रक्तात येतं, म्हणजे तो नुकसानीचा हिशोब (पण रक्त काढतानाच लाल पेशी फुटल्या तरी वाढतं, त्यामुळे एकदाच उडी मारली तर घाबरायच्या आधी लॅबला विचारा). शेजारी ऑक्सिजनचा कॉलम हवाच. घरी असाल आणि ९४ च्या खाली गेला तर कागद ठेवा बाजूला आणि डॉक्टरांना फोन करा.

स्टेरॉइडचं म्हणाल तर ब्रिटनच्या २०२० च्या रिकव्हरी नावाच्या ट्रायलमध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिलं, तर व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले, नुसत्या ऑक्सिजनवरच्यांमध्ये एक पंचमांशाने, आणि ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदाच दिसला नाही. साहजिक आहे, सुरुवातीला व्हायरस वाढत असतो, तेव्हा सिग्नल दाबले तर लढणार कोण? म्हणून "शेजारच्या काकांना दिलं होतं" म्हणत दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून गोळ्या आणायच्या नाहीत. आणि हा हिशोब कोविडचा, डेंगीला लावू नका, तिकडे स्टेरॉइडचा उपयोग नाही.

राउंडला डॉक्टरांना दोन मिनिटंच मिळतात, तेव्हा "सीआरपी किती" यापेक्षा "ऑक्सिजन कालपेक्षा जास्त लागतोय का" हे विचारा. आणि स्टेरॉइडने शुगर वाढते, म्हणून ते चालू असेल तर कागदावर शुगरचा कॉलमही काढा, मामांच्या कागदावर तो नव्हता, घरी आल्यावर शुगर साडेतीनशे निघाली तेव्हा काढला.