फिजिक्स करून हवामानबदलाच्या कामात यायचंय?

भौतिकशास्त्रातून या क्षेत्रात येणाऱ्या मुलामुलींना पायथन ही संगणकभाषा शिकण्याचीच जास्त धास्ती असते. ते सवयीनं जमतं. मी त्यांना सांगते, आकडा कुठून आला ते आधी शोधा. मोजमापातली त्रुटी तपासण्याची जी सवय प्रयोगशाळेत लागलेली असते, तीच इथली खरी पुंजी.

पावसाचंच घ्या. हवामान खात्याचा १९०१पासूनचा रोजच्या पावसाचा ग्रिड डेटा, म्हणजे नकाशावरच्या चौकोनांत मांडलेले आकडे, मोफत मिळतो. त्यातला एक चौकोन ०.२५ अंशांचा, म्हणजे साधारण २७ किलोमीटरचा. आपल्या पुणे जिल्ह्यात तेवढ्या अंतरात घाटमाथ्याचा धुवांधार पाऊस निम्म्याहून कमी होतो. मुळशीच्या भाताबद्दल बोलताना चौकोनाच्या सरासरीवर विसंबू नका. जवळच्या पर्जन्यमापकाची नोंद मिळवा.

वेळेचंही तसंच. खात्याच्या नोंदीतला आजचा पाऊस म्हणजे काल सकाळी साडेआठ ते आज सकाळी साडेआठ. ईआरए५ हा हवामान मॉडेल आणि निरीक्षणं यांची सांगड घालून केलेला जागतिक डेटा; त्यातले तास जागतिक वेळेचे (यूटीसी). आपले सकाळचे साडेआठ म्हणजे तिथले ३, म्हणून तिथे ३ वाजल्यापासून बेरीज धरावी लागते. हे न जुळवता तुलना केली, की दोष विनाकारण मॉडेलवर जातो.

मशीन लर्निंगमध्ये चाचणीसाठी दिवस सरमिसळ करून निवडू नका. काल आणि आज एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे अचूकता फुगून दिसते. सलग काही वर्षंच बाजूला ठेवा. आणि हवा एक अंशानं तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, हे विसरून काढलेल्या भविष्यातल्या अतिवृष्टीच्या अंदाजावर माझा तरी विश्वास बसत नाही.

पण परिणामांचा अभ्यास खऱ्या अर्थानं बांधावर सुरू होतो. नारायणगावच्या द्राक्ष बागायतदाराला जगाची सरासरी तापमानवाढ सांगून काय उपयोग? ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना पाऊस येण्याचं प्रमाण वाढलंय का, हे त्याला हवं असतं, कारण तेव्हाच्या पावसानं मणीगळ होते, डाऊनी (केवडा) रोग येतो. या प्रश्नासाठी वार्षिक सरासरी कुचकामी आहे. छाटणीची तारीख, फुलोऱ्याचे दिवस आणि त्या दिवसांतला पाऊस एकत्र मांडावा लागतो. छाटणीच्या तारखा कुठल्याच उपग्रहाच्या फाइलमध्ये सरळ लिहिलेल्या नसतात; त्या बागायतदाराच्या वहीत असतात. त्यासाठी एसटीनं जावं, चहा घ्यावा, ऐकावं. मला या कामात सर्वांत जास्त आनंद इथेच मिळाला.

पाषाणची आयआयटीएम (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) किंवा पुणे विद्यापीठाचा वातावरण व अवकाशशास्त्र विभाग इथे इंटर्नशिपसाठी लिहिताना कोर्सच्या सर्टिफिकेटांची चळत जोडू नका. एक पीक, एक तालुका, एक प्रश्न, एवढ्यावर केलेलं दोन पानांचं काम पाठवा, आणि त्यात अनिश्चिततेचा पट्टा आलेखावर काढलेला असू द्या.