लॉजवर सिगारेट पेटवण्याआधी
भुसावळला स्टेशनजवळच्या लॉजवर मी रात्रीचा काउंटर सांभाळतो. खोली घेतानाच विचारा, "भाऊ, सिगारेट कुठे ओढू?" २००८ पासून हॉटेलातही धूम्रपानबंदी आहे, दंड २०० रुपयांपर्यंत. ३० किंवा जास्त खोल्या असल्या तर वेगळी जागा ठेवता येते. आमच्या १२च, म्हणून सरळ गेटबाहेर जा.

गॅलरीत तर नकोच. मे महिन्यात इथे खिडकीखिडकीला कूलर. तो मागून हवा ओढतो. तुम्ही त्याच्या पाठीशी उभे राहिलात की सगळा धूर गवताच्या जाळीतून थेट शेजारच्या पलंगावर. एकदा तान्हं बाळ घेऊन आलेल्या ताईंनी रात्री दोनला खोली बदलून मागितली. रिकामी नव्हती, मग माझीच दिली!

थोटूक कूलरच्या पाण्यात टाकू नका, चहाच्या कपातही नको. चूळ भरा, मग जिना चढा.