बुधवार पेठेत एचआयव्हीच्या जोखमीची पाहणी: प्रश्न कसे विचारावेत

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या सेक्स वर्कर्सची पाहणी करणार असाल, तर “तुम्ही कंडोम वापरता का?” हा प्रश्न प्रश्नावलीतून आधी काढून टाका. त्याचं उत्तर ठरलेलं असतं: “हो, प्रत्येक वेळी.” बाई फसवते असं नाही. कंडोम वाटणारे, तपासणीला नेणारे, पाहणीवाले सगळे तिला हेच विचारत आलेत, आणि समोरच्याला काय ऐकायचंय ते तिला पाठ झालंय.

त्याऐवजी तिच्या कामाच्या शेवटच्या दिवसापासून सुरुवात करा. त्या दिवशी किती गिऱ्हाइकं झाली? शेवटचा नवा होता की नेहमीचा? दारू प्यायलेला होता का? त्या वेळी कंडोम होता का, कोणी आणला, फाटला का? मग त्याच्या आधीचा, आणि त्याच्याही आधीचा. तीनच गिऱ्हाइकांचं विचारा, त्यापुढे आठवण डळमळते. कंडोमशिवाय जादा पैसे देऊ करणारा आला होता का, हे शेवटी विचारा. सुरुवातीलाच विचारलं तर बाई सावध होते.

गिऱ्हाइकांचे प्रश्न संपले की थोडं थांबा आणि घरच्या माणसाकडे वळा. कोणी त्याला मालक म्हणते, कोणी यार, कोणी नवरा. ती जो शब्द वापरेल तोच पुढच्या प्रश्नांत वापरा. जोखीम बऱ्याचदा इथे दडलेली असते. गिऱ्हाइकाला कंडोम लावायला लावणारी बाई या माणसाबरोबर लावत नाही, कारण तिथे कंडोम म्हणजे अविश्वास. दोन्ही नात्यांचे आकडे एकत्र करून “कंडोमचा वापर” असा एकच टक्का छापलात, तर नेमकी ही गोष्ट पुसली जाते.

मुलाखतीची जागा नीट निवडा. पेठेतल्या खोलीत पलंग आणि पडदा असतो, आणि पडद्यापलीकडे घरवालीचे, म्हणजे धंद्याचं घर चालवणाऱ्या बाईचे, कान. तिथे घेतलेली मुलाखत घरवालीला चालणारी उत्तरं देते. जवळच्या संस्थेची एखादी खोली ठरवा आणि वेळ सकाळी 11 ते दुपारी 3 ठेवा. संध्याकाळी धंद्याची वेळ असते, गिऱ्हाईक आलं की मुलाखत अर्धवट सुटते. गणेशोत्सवात पाहणी ठेवू नका, दगडूशेठच्या गर्दीत गल्ल्यांमधून चालणंही अवघड होतं. बऱ्याच जणींची बोलण्याची भाषा कन्नड, तेलुगू, बंगाली किंवा नेपाळी असते, म्हणून प्रश्नावलीचं त्या भाषांत भाषांतर करून घ्या आणि दुसऱ्या व्यक्तीकडून ती उलट मराठीत आणून तपासा. सहेली संघासारख्या, या बायकांनीच चालवलेल्या संघटनेला प्रश्न छापण्याआधी दाखवा. नंतर दाखवून उपयोग नाही.

आता नमुन्याचा आकार. प्रमाण 50 टक्के धरून, 5 टक्क्यांची चूक चालवून, 95 टक्के विश्वासपातळीला 385 जणी लागतात. पण एका घरातल्या बायका एकमेकींसारखी उत्तरं देतात, म्हणून आकडा दुप्पट करा: सुमारे 770. तेवढ्या मिळणार नसतील तर अचूकतेचा दावा कमी करा. आणि मोबाइलवर गिऱ्हाईक घेऊन लॉजवर जाणाऱ्या बायका पेठेत सापडतच नाहीत. निष्कर्ष “पुण्यातल्या सेक्स वर्कर्स” या नावाने लिहू नका, “बुधवार पेठेतल्या घरांतल्या” एवढंच लिहा.

संमतीत सगळ्यात जास्त चुका होतात. सही किंवा अंगठा असलेलं संमतीपत्र हाच बऱ्याचदा पाहणीतला तिच्या नावाचा एकमेव कागद ठरतो, म्हणून संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीकडून तोंडी संमतीची परवानगी मागा. साक्षीदार घरवाली असता कामा नये. रक्त घ्यायचं असेल तर 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार माहितीपूर्ण संमती आणि गोपनीयता बंधनकारक आहे. तपासणीआधी आणि नंतर समुपदेशन ठेवा. रॅपिड टेस्टवर रेघ उमटली म्हणजे निदान झालं असं सांगू नका, आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, तीन वेगवेगळ्या चाचण्यांनी ते पक्कं होतं. अलीकडच्या संसर्गात अँटिबॉडी दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून निगेटिव्ह आलेल्या जोखमीच्या बाईला तीन महिन्यांनी पुन्हा बोलवा. पॉझिटिव्ह आली तर एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचं औषध, मोफत मिळते. तिला चिठ्ठी देऊन मोकळं होऊ नका, पहिल्या दिवशी सोबत कोणी तरी जावं. तिचा निकाल घरवालीला, मालकाला, पोलिसांना कळता कामा नये.

एक अवघड गोष्ट आधीच ठरवा. 18 वर्षांखालची मुलगी समोर आली, तर पोक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे. काय करायचं ते समितीशी आधी ठरवा आणि संमतीच्या वेळीच सांगून टाका. मुलाखतीच्या मध्ये हा प्रश्न उभा राहिला, तर तुमच्या गोंधळाची किंमत त्या मुलीला मोजावी लागते.

मोबदला बुडालेल्या वेळेचा म्हणून सगळ्यांना सारखाच द्या, रक्त देणाऱ्यांना वेगळा नको. आणि तो थेट बाईच्या हातात द्या.

लिहायला बसलात की गल्लीचं नाव, घराचा क्रमांक, मजला काढून टाका. नकाशा छापला तर तो पोलिसांच्या आणि घरमालकांच्याही हाती लागतो. मुलाखती जुळवताना घेतलेले फोन नंबर काम संपल्यावर नष्ट करा, वहीतलेही आणि कार्यकर्त्यांच्या मोबाइलमधलेही.