पिकअपचे नोझल उतरवायच्या आधी काय काय तयारी ठेवायची

गाडी ओढत नाही, धूर मारते, सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, असं काही झालं की पहिला सल्ला ठरलेला असतो, नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर) गेले असणार, पंप खोलावा लागेल. कॉमन रेल गाडीत (म्हणजे जिथं पंप डिझेल मोठ्या प्रेशरने एका सामाईक नळीत, रेलमध्ये, भरतो आणि तिथून ते सगळ्या नोझलना जातं) हीच दोन सगळ्यात महाग कामं, आणि हीच दोन शेवटी करायची असतात. त्याआधी स्वस्तातल्या दहा गोष्टी घरच्या अंगणात बघून होतात, त्यासाठी काय जवळ ठेवायचं आणि कुठल्या क्रमाने बघायचं ते लिहितोय. डोळ्यासमोर बोलेरो पिकअप आहे, २५२३ सीसी चार सिलेंडर वाली, पण टाटाची योधा असो नाहीतर दुसरी कुठली, कॉमन रेल असली की क्रम तोच.

सगळ्यात आधी वही. हसू नका, खरंच वही. गाडी कधी त्रास देते ते लिहा, थंड असताना का गरम झाल्यावर, रिकामी असताना का माल भरल्यावर, रत्नागिरीतून आंब्याच्या पेट्या भरून आंबा घाट चढताना दम टाकते पण सपाटीला नीट पळते का, टाकी पाव झाली की जास्त होतं का, शेवटचं डिझेल कुठल्या पंपावर कोणत्या तारखेला भरलं, त्याची पावती असेल तर वहीतच ठेवून द्या. धुराचा रंग लिहा. काळा म्हणजे हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर येतंय नाहीतर कूलंट आत जातंय. डिसेंबर जानेवारीत निफाडसारख्या ठिकाणी सकाळी थोडा पांढरा धूर येऊन दोन मिनिटांत गेला तर आधी ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू व्हायला सिलेंडर तापवणारे प्लग) बघा, घाबरायचं कारण नाही. पण इंजिन तापल्यावरही पांढरा आणि वर कूलंट कमी होतंय, तर मग ते हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग, गेल्याचं लक्षण असू शकतं आणि तशी गाडी चालवत राहू नका.

सामान फार लागत नाही. मल्टीमीटर, पान्यांचा सेट, एक काचेची बरणी, दीडेक फूट पारदर्शक डिझेल पाईप आणि क्लिपा, एकसारख्या चार छोट्या बाटल्या, स्वच्छ कॅनमध्ये खात्रीच्या पंपावरचं पाच लिटर डिझेल, नवीन डिझेल फिल्टर, सुती फडकी, चष्मा, हातमोजे, आणि ब्लूटूथवर चालणारा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड मोबाईलवर दाखवणारा. स्कॅनर स्वस्तातला असला तरी चालतो, फक्त लाइव्ह डेटामध्ये (चालू गाडीच्या आकड्यांत) रेल प्रेशर दाखवतो का ते घेतानाच बघून घ्या, नुसते कोड वाचणारा घेऊन अर्धंच काम होतं.

आता एक गोष्ट मनापासून सांगतो. जुन्या ट्रॅक्टरला आणि जुन्या पंपाच्या गाड्यांना मिसिंग, म्हणजे नीट न पेटणारा सिलेंडर, शोधायला मिस्त्री चालू इंजिनवर नोझलच्या पाईपचा नट ढिला करायचे. कॉमन रेलला हे कधीच करायचं नाही. आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता चालू इंजिनवर) सुद्धा रेलमध्ये साधारण २५० ते ३५० बार प्रेशर असतं आणि लोडवर ते हजाराच्या वर जातं, तेवढ्या प्रेशरची सुईएवढी धार कातडी फोडून डिझेल आत घालते. वरून दिसतं फक्त टोचल्यासारखं, दुखतही नाही फारसं, पण आत मांस सडायला लागतं आणि बोट, हात जाऊ शकतो. असं झालं तर घरी हळद लावत बसू नका, लगेच हॉस्पिटल, आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की हाय प्रेशरने डिझेल आत गेलंय. लीक शोधायला पाईपवरून हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. इंजिन बंद केल्यावरही थोडं थांबूनच हात घाला.

सुरुवात बॅटरीपासून करा कारण निम्म्या स्टार्टिंग ट्रबलचं मूळ तिथंच निघतं असं माझं मत आहे. रात्रभर उभ्या गाडीवर १२.५ च्या आसपास व्होल्ट पाहिजेत, सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जाऊ नयेत, आणि गाडी चालू झाल्यावर १४ च्या आसपास. अर्थची पट्टी गंजलीय का बघा. शेतावर उभ्या राहणाऱ्या गाडीचं वायरिंग उंदीर खातात, इंजिनवरून जाणाऱ्या वायरच्या जुडग्यावर (हार्नेसवर) एकदा टॉर्च मारून नीट बघाच.

मग डिपस्टिक. ऑइल कमी आहे का हे सगळे बघतात, पण वाढलंय का ते कोणी बघत नाही. लेव्हल वर चढलीय आणि ऑइलला डिझेलचा वास येतोय तर डिझेल खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तिथं, उतरतंय, अशी गाडी तिथंच बंद ठेवा, कारण तेच पातळ ऑइल ब्रीदरवाटे (इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीवाटे) आत ओढलं गेलं तर इंजिन स्वतःहून सुटतं आणि चावी काढली तरी बंद होत नाही.

आता डिझेल. फिल्टरच्या खालचा ड्रेन स्क्रू ढिला करून बरणीत कपभर काढा आणि दहा पंधरा मिनिटं हलवू नका. पाणी जड म्हणून खाली बसतं, डिझेल वर राहतं, मधली रेघ डोळ्याला सरळ दिसते. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर गेलेलं असलं किंवा डिझेल उघड्या ड्रममध्ये साठवलेलं असलं तर हे हमखास निघतं. फिल्टर जुना असेल तर फेकू नका, कापून आतला कागद उलगडून उन्हात धरा. काळा चिखल असेल तर टाकी घाण आहे एवढंच, धुऊन काम होईल. पण कागदाच्या घड्यांत चमचम दिसली, चंदेरी बारीक भुगा, तर तो कुठून आला हे कळेपर्यंत पुढचं काही बदलू नका, कारण हाय प्रेशर पंप स्वतःला घासतोय आणि तोच भुगा रिटर्नवाटे (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या लाईनवाटे) फिरून टाकीत जातोय असं असू शकतं. अशात नुसते नोझल नवीन टाकले तर तेही महिन्याभरात जाणार, तिथं टाकीपासून रेलपर्यंत सगळं साफ करावं लागतं. डिझेलचीच शंका असेल तर पंपावर डेन्सिटी चेक करून मागा, हायड्रोमीटर त्यांच्याकडे असतो आणि करून दाखवणं त्यांना बंधनकारक आहे.

हवा धरण्याचा प्रकार सगळ्यात फसवा. टाकी ते पंप ही लाईन ओढीवर चालते (ज्या गाडीला टाकीत इलेक्ट्रिक पंप आहे तिची गोष्ट वेगळी, चावी ऑन केल्यावर मागून गुणगुण ऐकू येते), त्यामुळे क्लिप ढिली असली किंवा पाईपला चीर असली तरी डिझेल बाहेर टपकत नाही, उलट हवा आत जाते, आणि माणूस म्हणतो लीक कुठंच नाही. म्हणून तो पारदर्शक पाईप. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये जोडा, गाडी चालू करून बघा, सुरुवातीचे दोन चार बुडबुडे जाऊ द्या, पण सतत फेसाळ येत राहिलं तर मागं कुठंतरी हवा शिरतेय. तरी शंका राहिली तर टाकीची लाईन काढून सरळ कॅनमधल्या स्वच्छ डिझेलवर गाडी चालवा, रिटर्नही त्याच कॅनमध्ये सोडा. नीट चालली तर दोष टाकी, आतली जाळी किंवा पाईपमध्ये, म्हणजे काही शे रुपयांचं काम, आणि पंप खोलणाऱ्या मिस्त्रीचं बिल वाचलं.

हवेची बाजू पटकन होते. एअर फिल्टर काढून झटका, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा) ते इंटरकूलर (ती हवा थंड करणारा) यांचे होस दाबून बघा, बाहेरून ऑइलचा काळा ओघळ दिसला तर तिथं चीर आहे जी फक्त लोडवर उघडते, घाटात दम जाण्याचं हे एक नेहमीचं कारण. ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला असला तरी काळा धूर येतोच.

एवढं झाल्यावर स्कॅनर. कोड आधी वहीत लिहा, मग हवं तर पुसा, आधी पुसू नका. पी ००८७ म्हणजे रेल प्रेशर कमी, हा कोड फिल्टर चोक, हवा, पंप, रेग्युलेटर, गळका नोझल यातल्या कशानेही येतो, म्हणून कोड बघून पंप गेला म्हणणाऱ्याला थांबवा. सेल्फ मारताना आरपीएम शून्यच दाखवत असेल तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा) किंवा त्याची वायर बघा. आरपीएम आहे पण प्रेशर साधारण २०० बारच्या पुढं सरकतच नाही तर इंजिन डिझेल मारणारच नाही, मग प्रेशर कुठं पळतंय ते शोधायचं. त्यासाठी चार बाटल्या. चारही नोझलच्या रिटर्न नळ्या सुट्या करून एकेका बाटलीत सोडा, रिटर्न लाईनचं मोकळं तोंड बंद करा, गाडी चालू होत असेल तर काही मिनिटं आयडलला ठेवा, होत नसेल तर थोडा थोडा सेल्फ मारून बघा. तीन बाटल्या सारख्या आणि एक भराभर भरली, तर तो एकच नोझल उतरवायचा. क्लिपा नाजूक असतात, ओढाताण करू नका, तुटल्या तर काम अडतं.

आणि मग गॅरेजला जाताना वही, बरणी, कापलेला फिल्टर आणि बाटल्यांचा फोटो बरोबर न्या. नोझल काढताना तळाचा तांब्याचा वॉशर नवीनच टाकायला सांगा. नवीन किंवा रिपेअर झालेल्या नोझलच्या डोक्यावर कोड छापलेला असतो, त्याचा बसवायच्या आधी फोटो काढा, कारण तो मशीनने ईसीयूमध्ये (गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये) भरावा लागतो, नाहीतर नवीन नोझल टाकूनही गाडी खडखड करते आणि धूर मारते. कोड भरल्याचं स्क्रीनवर दाखवून घ्या, काढलेले जुने नोझल परत मागून घ्या, आणि ट्रायल माल भरूनच घ्या, रिकाम्या गाडीवर नको.