दाढ दुखली की लगेच काढायची नाही: भरणं, कॅप आणि कवळीबद्दल गावाकडच्या लोकांसाठी

आमच्याकडे दाढ ठणकली की माणूस आधी लवंग दाबतो, मग मेडिकलमधून दोन गोळ्या आणतो, कापसाची वेचणी संपू दे मग पाहू म्हणत दिवस काढतो आणि शेवटी तालुक्याला गेला की डॉक्टरला पहिलंच वाक्य सांगतो, काढून टाका. माझ्या मायनं असंच केलं. एकेक करत सगळ्या दाढा गेल्या, मग समोरचे दात हलाले लागले, भाकर दुधात कुस्करून खायची पाळी आली तेव्हा कुठं मी सोबत जाऊन सगळं नीट विचारलं. त्यातल्या निम्म्या तरी दाढा वाचल्या असत्या हे तेव्हा समजलं आणि लय वाईट वाटलं, म्हणून हे लिहून राहिलो.

आधी कीड किती खोल गेली ते ओळखा. थंड पाणी लागलं की झिणझिणते आणि लगेच थांबते, दाढेत घास अडकते, तर बहुतेक वेळा नुसतं भरून काम भागते. पण रात्री आडवं झालं की ठणका सुरू, गरम चहानं उठलेली कळ बराच वेळ जात नाही, तर कीड नसेपर्यंत गेली समजा. आणि एवढी दुखणारी दाढ एक दिवस आपोआप थांबली तर ती बरी झाली असं नाही, आतली नस मेली असू शकते आणि खाली पू धरून राहते. गाल सुजला, ताप आला तर त्याच दिवशी जा, आणि सूज जबड्याखाली उतरली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला तर दातांच्या दवाखान्याची वाट न पाहता सरळ मोठं हॉस्पिटल गाठा. गोळी दुखऱ्या हिरडीवर दाबून ठेवू नका, हिरडी भाजते.

एक मधेच सांगतो, यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, तिथं लेकरांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे येतात. ती कीड नाही, घासून जात नाही, म्हणून विटकर किंवा राखेनं घासून दात झिजवू नका.

आता भरणं. दातात भरायचं सिमेंट दाताला आपलं आपण चिकटते, त्यातून किडीला अडवणारं थोडं फ्लोराईडही सुटते, म्हणून लेकरांच्या दुधाच्या दाढांना आणि हिरडीजवळच्या झिजलेल्या खाचांना चांगलं, पण चावायच्या जागी लवकर झिजते. दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट थराथरानं भरतात आणि निळ्या लाईटनं कडक करतात, दिसायला छान, मजबूत, पण भरताना दात एकदम कोरडा लागतो. चांदीचं भरणं (अमाल्गम) म्हणजे जुनी आणि टिकाऊ पद्धत, पण त्या चांदीत जवळपास अर्धा पारा असतो म्हणून जगभरात तिचा वापर कमी करत आणलाय. तुमच्या तोंडात जुनी चांदी नीट बसलेली असेल तर घाबरून काढायला जाऊ नका, ती उकरतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते. सुन्न करायचं इंजेक्शन दिलं असेल तर दोन-तीन तास गाल बधिर राहतो, तोवर गरम चहा नको आणि लेकरू ओठ तर चावत नाही ना ते पहा.

नसेपर्यंत कीड गेली की रूट कॅनल. मायनं तेव्हा डॉक्टरला म्हटलं होतं, "मले नाई करायचं ते, काढूनच टाका ना, काऊन झंझट," तर डॉक्टर म्हणाले, "काकू, यात दात नाही काढत, आतली खराब नस काढतो, दात तुमचाच राहतो." ती काही ऐकली नाही. यात एक ते तीन चकरा लागतात आणि इथंच आपले लोक फसतात, पहिल्या चकरेत ठणका थांबतो, वरून कच्चं सिमेंट लावून देतात आणि माणूस काम झालं समजून परत जातच नाही. ते सिमेंट निघते, आत पुन्हा घाण जाते, आणि मग खरंच दाढ काढावी लागते. दुसरं म्हणजे कॅप, म्हणजे दाढेवर बसवायचं टोपण. नस काढलेली दाढ पोकळ आणि ठिसूळ होते, कॅप न लावता त्यावर सुपारी किंवा बोराची आठोळी फोडली की उभी चिरते. धातूची कॅप मजबूत पण चमकते, सिरॅमिकवाली दिसायला बरी पण टवका उडू शकते, झिरकोनिया (दाताच्या रंगाचं कडक सिरॅमिक) मजबूत आणि महाग. मागच्या दाढेला साधी धातूची लावली तरी चालते, कोण पाहते तिकडं.

दात गेलाच असेल तर जागा वर्षानुवर्षं रिकामी ठेवू नका, बाजूचे दात तिकडं कलतात आणि वरच्या-खालच्या जबड्यातला त्याच्या जोडीचा दात लांबून त्या रिकाम्या जागेत येतो. ब्रिजमध्ये दोन्ही बाजूचे दात घासून त्यांच्या आधारानं मधला बसवतात, इम्प्लांटमध्ये हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून साधारण तीन ते सहा महिने हाड धरू देतात आणि मग वर दात लावतात. खर्च जमत नसेल तर काढता-घालता येणारा दातही काम करते.

खर्ऱ्याबद्दल, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाबद्दल मात्र कळकळीनं सांगतो. स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात जातात का पहा. जात नसतील, तिखट लागलं की आग होत असेल, तर सुपारीनं तोंड आवळत चाललंय. तोंडच उघडलं नाही तर डॉक्टरचं मशीन मागच्या दाढेपर्यंत पोचत नाही, आणि कवळीच्या मापाचा ट्रे पण आत जात नाही. आमच्या गावात तिशीतली पोरं अशी आहेत. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, पंधरा दिवसांत छाला भरला नाही, तर दाताचं बाजूला ठेवा आणि तो आधी दाखवा.

आता कवळी. सगळे दात काढल्यावर हिरडी भरायला साधारण दोन-तीन महिने थांबा, घाई केली तर हिरडी आणखी बसते आणि कवळी ढिली होते. मग चार-पाच चकरा, दोनदा माप, चावा पाहणं, मेणात दात लावून दाखवणं आणि शेवटी पक्का सेट. मेणाच्या चकरेला घरचं माणूस सोबत न्या, जुना फोटो न्या, दात लांब वाटतात, ओठ फुगलेत, जे असेल ते तिथंच बोला, कारण पक्का झाल्यावर बदलता येत नाही.

पहिले काही दिवस लाळ लय सुटते, बोलताना जीभ अडखळते. मायनं आठ दिवसांत डब्यात टाकली होती. मग रोज संध्याकाळी मोठ्यानं हरिपाठ म्हणायला लावला, खायला खिचडी, वरण-भात, बारीक घास, दोन्ही बाजूनं एकदम चावायचं, समोरच्या दातांनी ऊस-कणीस तोडायचं नाही. महिन्याभरात भाकर खायला लागली. वरची टाळूला चिकटून राहते, खालची जिभेमुळं थोडी हलतेच, त्यात बनवणाऱ्याची चूक नसते. हिरडीला टोचलं तर घरी कानस मारू नका, दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी घालून ठेवा म्हणजे लाल जागा डॉक्टरला दिसते.

रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा, कोरडी ठेवली किंवा गरम पाण्यात टाकली तर वाकडी होते. खाली पाण्याचं घमेलं ठेवून मऊ ब्रश आणि साबणानं घासा, हातातून सटकली तर पाण्यात पडेल, फुटणार नाही. टूथपेस्टनं ओरखडे पडतात. तुटली तर फेविक्विक लावू नका. हाड झिजतच राहते, म्हणून काही वर्षांनी आतून भरून घ्यावी किंवा नवी करावी लागते.

बाजारात बसून अर्ध्या तासात फिक्स दात लावून देणाऱ्याकडे जाऊ नका. आमच्या ओळखीच्या एका काकांना तोंडातच मसाला लावून, तार बांधून दात चिकटवून दिले, खाली घास सडून हिरडी गेली आणि बाजूचे चांगले दात पण काढावे लागले. पाटीवर बीडीएस किंवा एमडीएस ही दातांच्या डॉक्टरची पदवी पहा.

पैशाची अडचण असेल तर आधी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दातांचे डॉक्टर आहेत का विचारा. नाहीतर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय, वर्ध्याजवळ सावंगी मेघेचं डेंटल कॉलेज. तिथं शिकणारे डॉक्टर सरांच्या देखरेखीत काम करतात, चकरा आणि वेळ जास्त लागतो पण काम तपासून होते. सकाळच्या पहिल्या एसटीनं जा, आधार आणि जुनी फाईल घ्या, शुगर, बीपी, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटंच दाखवा आणि आपल्या मनानं बंद करू नका. किती चकरा लागतील, एकूण खर्च किती, त्यात कॅप धरली का नाही, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्या, आणि पुढच्या तारखा वेचणी-सोंगणी पाहूनच मागा म्हणजे मधात काम सोडायची पाळी येणार नाही.