मध्य आफ्रिकेतल्या मध्ययुगीन वस्त्या खणताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे खोलीलाच काळ समजणं. दख्खनच्या पांढरीच्या टेकाडांवर हात बसलेल्या माणसाला थरावर थर दिसायची सवय असते. काँगोच्या खोऱ्यात वस्तीचं टेकाड सहसा नसतंच. असते ती तांबडी किंवा पिवळसर, वरपासून खालपर्यंत एकाच रंगाची माती. मग नवशिके दर १० सेंमीला एक थर धरतात आणि ६० सेंमीवरचं खापर ४० सेंमीवरच्यापेक्षा जुनं म्हणून मोकळे होतात.

काँगोची राजधानी किन्शासा इथल्या गोंबे टोकावर काय झालं ते पाहा. १९२०च्या दशकात जाँ कोलेत यांनी तिथल्या खोलीवरून दगडी हत्यारांचा संस्कृतिक्रम लावला आणि तो बरीच वर्षं प्रमाण मानला गेला. १९७०च्या दशकात दानिएल काहेन यांनी तिथं पुन्हा खणलं आणि निघालेले दगडाचे तुकडे एकमेकांना जुळवून पाहिले. एकाच दगडाचे तुकडे जवळजवळ मीटरभर वरखाली सापडलेले होते. मुळं, वाळवी आणि भिजून-सुकून हलणारी वाळू यांनी ते खाली नेले होते. ही गोष्ट अश्मयुगीन हत्यारांची असली, तरी तेराव्या शतकातलं खापर त्याच वाळूत पडलेलं असतं. म्हणून पेटी बंद करण्यापूर्वी प्रत्येक खापरावर पातळीचा क्रमांक शाईनं लिहा, सगळी खापरं टेबलावर पसरा आणि दोन दिवस फक्त जोड शोधा. २० सेंमीपेक्षा जास्त अंतरावरचे जोड वरचेवर लागत असतील, तर त्या पातळ्या वेगळ्या मानू नका. ‘हे काम नंतर प्रयोगशाळेत करू’ म्हणणाऱ्यांचं काम बहुधा राहूनच जातं.

दुसरी चूक खड्ड्यांची. जंगलपट्ट्यात घराच्या जमिनी उरत नाहीत, उरतात ते खड्डे, आणि त्यांतले काही दोन-दोन मीटर खोल असतात. भराव आणि मूळ माती यांच्या रंगात फरक फार थोडा असतो. कुदळीनं भराभर उतरणारा माणूस खड्ड्याची कड कापून पुढं निघून जातो आणि आतलं-बाहेरचं सगळं एका पिशवीत जातं. ट्रॉवेलनं सपाट खरवडा, फवाऱ्यानं हलकं पाणी मारा आणि तिरप्या सकाळच्या उन्हात पाहा. भर दुपारी कड शोधू नये. कड दिसली की दोरी धरून अर्धा खड्डा काढा, कापलेल्या बाजूचं, म्हणजे छेदाचं, चित्र काढून घ्या, मग उरलेला अर्धा भरावाच्या थरांनुसार काढा. प्रत्येक थरातली किमान १० लिटर माती पाण्यात तरंगवून बिया वेगळ्या करण्यासाठी ठेवा.

कबरी खणताना पहिली नोंद कोणती कबर कोणाला कापते याची करावी. काँगोच्या आग्नेयेकडच्या कटांगा प्रांतात किसाले सरोवराकाठी सांगा इथं १९५७-५८ मध्ये नेन्क्विन आणि हिएर्नो यांना तीन प्रकारची भांडी मिळाली. ती साधारण एकाच काळातली मानली गेली. १९७४ पासून पिएर द मारे यांनी पुन्हा काम केलं तेव्हा किसालियन नावाची भांडी आधी आणि काबांबियन नावाची नंतर, असा क्रम ठरला. भांड्यांच्या घाटावरून काळ सांगण्याची घाई इथं कामाची नाही.

कोळसा दिसला की उचलून कार्बन-१४ नं काळ ठरवायला पाठवू नका. शेतीसाठी जाळलेल्या झाडाचं मूळ तुमच्या खड्ड्यात सहज उतरतं, आणि जुन्या झाडाच्या गाभ्यातलं लाकूड शंभर-दोनशे वर्षं जास्त दाखवू शकतं. तेल-ताडाच्या बीचं जळकं कवच निवडा. ते एका हंगामाचं असतं आणि या भागात भरपूर मिळतं. एका खड्ड्यातून निदान दोन नमुने घ्या. विषुववृत्ताच्या दक्षिणेला कार्बन-१४ चं मोजमाप खऱ्या वर्षांत बदलण्यासाठी कोणती वक्ररेषा वापरली तेही लिहा. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून सतराव्याच्या सुरुवातीपर्यंत ही रेषा सपाट होते, तेव्हा एकाच तारखेवर तिथं काही ठरत नाही.

हाडं नाहीत म्हणजे मांस खात नव्हते असं लिहू नका. आम्ल मातीत हाड विरघळतं.

५ मिमीची चाळणी मण्यांसाठी निरुपयोगी. खड्ड्याची आणि कबरीची माती २ मिमीतून पाण्यानं चाळा, नाहीतर लहान काचमणी ढिगाऱ्यात जातात. हिंदी महासागरातल्या व्यापाराचा धागा बऱ्याचदा त्यांच्यावरूनच कळतो. आपल्या चौलच्या आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या काही मण्यांची रासायनिक घडण जुळलेली आहे.

खणताना मिळणारे तांब्याचे क्रॉसच्या आकाराचे तुकडे घासून चकचकीत करणं ताबडतोब थांबवा. हिरव्या गंजात कापडाचे किंवा दोरीचे धागे टिकलेले असू शकतात. भिंगाखाली पाहिल्याशिवाय ब्रश लावू नये. भांड्याच्या आतला काळा थर धुऊ नका, त्यातल्या स्निग्धांशावरून अन्न कळतं. खापरावरची नक्षी नुसती पाहून ठरवण्यापेक्षा मऊ मातीत तिचा ठसा उठवा. कोरीव लाकडी रूळ फिरवला होता की गाठी मारलेली पट्टी, हे ठशात स्पष्ट दिसतं.

कटांगात खणायचं तर मे ते सप्टेंबर. पहिल्या पावसाआधी पंधरा दिवस खणणं थांबवा आणि उरलेला वेळ छेदांची चित्रं काढायला आणि खड्डे बुजवायला द्या.