लुचियानो, नौदल आणि सिसिली : युद्धकाळातल्या माफियावर लिहिताना या चुका टाळा

अंडरवर्ल्डवर बोलणाऱ्या मराठी पॉडकास्टची आणि यूट्यूब वाहिन्यांची गाडी डोंगरी आणि दगडी चाळ झाली की हमखास न्यूयॉर्ककडे वळते. न्यूयॉर्कच्या माफियाचा म्होरक्या लकी लुचियानोने तुरुंगात बसून अमेरिकेला महायुद्ध जिंकून दिलं, ही गोष्ट मग पुन्हा एकदा सांगितली जाते. गोष्टीच्या मुळाशी खरी घटना आहे, म्हणूनच तिच्यातल्या चुका जास्त खुपतात. संहिता लिहिणारी बहुतेक मुलं हुशार असतात. पण तीन व्हिडिओ बघून चौथा करायची घाई त्यांना नडते, आणि तिन्ही व्हिडिओंत एकच चूक असेल तर चौथ्यातही ती येतेच.

आधी घटनाक्रम. माझ्या पद्धतीने एका लांब कागदावर, डाव्या कडेला तारखा उतरवून :

१९३६ : लुचियानोला ३० ते ५० वर्षांची शिक्षा. सरकारी वकील थॉमस ड्यूई.
डिसेंबर १९४१ : पर्ल हार्बर.
जानेवारी १९४२ पासून : अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवू लागतात.
९ फेब्रुवारी १९४२ : न्यूयॉर्कच्या धक्क्यावर 'नॉर्मंडी' जहाजाला आग.
मार्च १९४२ : नौदलाच्या गुप्तचर शाखेचे अधिकारी चार्ल्स हॅफेंडन फुल्टन मासळी बाजाराचा दादा जोसेफ लान्झा याला गाठतात.
मे १९४२ : लुचियानोची डॅनेमोराहून ग्रेट मेडो तुरुंगात बदली.
१० जुलै १९४३ : सिसिलीवर दोस्त राष्ट्रांचं सैन्य उतरतं.
३ जानेवारी १९४६ : गव्हर्नर झालेले ड्यूई शिक्षा कमी करतात.
१० फेब्रुवारी १९४६ : लुचियानोची इटलीला रवानगी.

कागद समोर असला की खाली दिलेल्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

चूक : "नॉर्मंडी माफियानेच जाळलं"

ही चूक सर्वांत जास्त वेळा होते, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहितो.

'नॉर्मंडी' हे ८३,००० टनांहून मोठं फ्रेंच प्रवासी जहाज अमेरिकेने ताब्यात घेतलं होतं. हडसन नदीवरच्या ८८ क्रमांकाच्या धक्क्यावर त्याचं सैनिक-वाहतुकीच्या जहाजात रूपांतर चाललं होतं. ९ फेब्रुवारीला दुपारी अडीचच्या सुमारास कामगार पहिल्या वर्गाच्या दिवाणखान्यातला धातूचा खांब गॅसच्या ज्योतीने कापत होते. जवळच लाइफ जॅकेटांचे गठ्ठे रचलेले होते. जॅकेटांत भरला होता केपॉक, म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस. सावरीचा कापूस हातात घेतलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. हलका, कोरडा, तेलकट. एक ठिणगी पडली आणि आग दालनभर पसरली.

जहाज मात्र आगीमुळे बुडालं नाही. अग्निशामक बोटींनी वरच्या मजल्यांवर इतकं पाणी मारलं की ते एका अंगाला साचलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेतीनच्या सुमारास जहाज धक्क्यालगत आडवं झालं. चौकशांत निष्कर्ष निघाला निष्काळजीपणाचा. घातपाताचा पुरावा मिळाला नाही.

मग माफिया आला कुठून? गुन्हेगारांनी मुद्दाम आग लावली, सरकार घाबरलं आणि त्यांच्या पायाशी आलं, ही कथा लुचियानोच्या तथाकथित आठवणींतून पसरली. त्या छापल्या गेल्या १९७५ मध्ये. लुचियानो वारला होता २६ जानेवारी १९६२ ला. त्या आठवणी कितपत खऱ्या, यावर तेव्हापासून गंभीर शंका घेतल्या गेल्या आहेत. फेब्रुवारी १९४२ ची घटना, तिचा 'कबुलीजबाब' १९७५ चा, आणि कबूल करणारा तेरा वर्षांपूर्वी गेलेला. एवढं ध्यानात आलं तरी वाक्याची भाषा बदलायला हवी. "माफियाने जाळलं" नाही, "आपण जाळलं, अशी फुशारकी नंतर माफियाच्या नावावर छापली गेली."

उपाय सोपा आहे. प्रत्येक दाव्यापुढे तीन रकाने ओढायचे : कोण म्हणतं, कधी म्हणतं, असं म्हटल्याने त्याला काय मिळतं. तिसरा रकाना भरायचा कंटाळा करू नका. गुन्हेगाराला आपण सरकारला झुकवलं असं वाटून घ्यायला आवडतं, आणि निष्काळजी ठेकेदारालाही घातपाताची कथा सोयीचीच पडते.

मुंबईकराला तर हे चटकन कळायला हवं. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटकं होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी भरलेल्या होत्या. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला मोठा स्फोट झाला. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. तेव्हाही जपानी हेरांचं नाव लगेच कुजबुजलं गेलं. इथेही कापूसच होता, घाई होती, एकत्र ठेवू नये ते एकत्र ठेवलं होतं. युद्धातल्या बंदरात आग लागायला शत्रू लागतोच असं नाही.

छोट्या, पण लाज आणणाऱ्या चुका

"सीआयएने लुचियानोशी करार केला." सीआयए स्थापन झाली १९४७ मध्ये. इथे काम नौदलाच्या गुप्तचर शाखेचं होतं.

अमेरिकी तारखेत महिना आधी येतो. ७/१०/१९४३ म्हणजे १० जुलै, ७ ऑक्टोबर नव्हे. सिसिलीची चढाई दिवाळीच्या सुमारास नेऊन ठेवलेल्या संहिता आढळतात. नोंद करताना महिना अक्षरांतच लिहा.

'लाँगशोरमन'चं यंत्राने केलेलं भाषांतर तसंच ठेवू नका. आपल्याकडे 'गोदी कामगार' हा चांगला रुळलेला शब्द आहे.

जून १९४२ मध्ये लाँग आयलंड आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यांवर उतरलेले आठ जर्मन घातपाती माफियाने पकडून दिले नाहीत. त्यांच्यापैकीच जॉर्ज डॅश स्वतः एफबीआयकडे गेला.

"करारानंतर न्यूयॉर्कमध्ये एकही घातपात झाला नाही, म्हणजे करार यशस्वी." आधी तरी किती झाले होते, ते सांगा.

चूक : मदत म्हणजे काय, तेच न सांगणं

"माफियाने नौदलाला मदत केली" हे वाक्य अर्धवट आहे. कुणी, कुठे, काय दिलं?

नौदलाला भीती होती की मासेमारी बोटी जर्मन पाणबुड्यांना डिझेल किंवा खबर पुरवत असतील. ती रोखायची तर बोटींवर आपला माणूस हवा. भाऊच्या धक्क्यावर उभं राहून विचार करा. पहाटे बोट लागते, बर्फ, टोपल्या, लिलाव, टेम्पो, सगळे एकमेकांना तोंडओळखीने ओळखतात. तिथे अनोळखी माणूस वही-पेन्सिल घेऊन उभा राहिला तर तांडेल त्याला काही सांगेल का? फुल्टन बाजारात हीच अडचण होती, आणि लान्झाच्या हातात तिथली कामगार संघटना होती. त्याने नौदलाच्या माणसांना युनियनची कार्डं मिळवून दिली, बोटींवर आणि बाजारात शिरकाव करून दिला. खरी मदत ती.

मासळी बाजाराबाहेरच्या धक्क्यांवर लान्झाचा शब्द पुरेना. तिथे लुचियानोचा होकार लागत होता. म्हणून त्याचा वकील मोझेस पोलाकॉफ आणि टोळीतला जुना साथीदार मेयर लान्स्की यांच्यामार्फत तुरुंगात जाणं-येणं सुरू झालं. कॅनडाच्या सीमेजवळच्या डॅनेमोरापर्यंत जाणं भेटायला येणाऱ्यांना लांब पडत होतं, बदली त्याचसाठी. लुचियानोने दिलेली एकमेव किंमतीची वस्तू म्हणजे त्याचा शब्द : नौदलाच्या माणसांना सहकार्य करा. तो जहाजं राखत नव्हता, पाणबुड्या बुडवत नव्हता.

आणि लान्झा? खंडणीच्या खटल्यात त्याला १९४३ मध्ये तुरुंगवास झालाच. "सगळ्यांना सूट मिळाली" असं लिहिणाऱ्यांनी हे नाव आठवावं.

चूक : पिवळा रुमाल

दुसरी मोठी चूक ही. गोष्ट अशी सांगतात : जुलै १९४३ मध्ये अमेरिकी विमानाने सिसिलीतल्या व्हिलाल्बा गावावर एक पुडकं टाकलं. आत पिवळा रुमाल, त्यावर काळा 'एल', लुचियानोचा. तो तिथल्या माफियाचा मुखिया डॉन कालोजेरो व्हिझिनी याच्याकडे पोचला. मग रणगाडे आले, डॉन त्यांवर चढला, आणि त्याच्या शब्दाखातर इटालियन सैनिक रातोरात मोर्चे सोडून घरी गेले.

ऐकायला चित्रमय आहे, म्हणून टिकली आहे. तपासायला नकाशा, पेन्सिल आणि अर्धा तास पुरतो.

नकाशावर व्हिलाल्बा शोधा. बेटाच्या आतल्या भागातलं लहान गाव. आता पालेर्मोवर खूण करा : ते २२ जुलैला पडलं. पश्चिमेकडे इटालियन तुकड्या जागोजागी शरण येत होत्या, जिथे कुणी डॉन नव्हता तिथेही. लोक मुसोलिनीच्या युद्धाला कंटाळले होते. आता पूर्वेकडे सरका, कातानिया, एटनाचा परिसर, त्रोइना. तिथे जर्मन चिवटपणे लढले. मेसिना हाती यायला १७ ऑगस्ट उजाडला, एकूण ३८ दिवस, आणि तोवर लाखभर जर्मन-इटालियन सैनिक सामुद्रधुनी ओलांडून निसटले होते. जिथे लढाई अवघड होती तिथे रुमालाचा काही उपयोग झालेला दिसत नाही.

दुसरी तपासणी लुचियानोची. जन्म १८९७, सिसिलीतल्या लेरकारा फ्रिद्दी गावचा. नऊ-दहा वर्षांचा असताना अमेरिकेत आला. १९३६ पासून गजाआड. अशा माणसाचं एक अक्षर बघून परक्या गावचा वयस्क डॉन कामाला लागेल, हे गृहीत कशावर धरायचं?

तिसरी, गोष्ट सांगणाऱ्याची. ती प्रामुख्याने व्हिलाल्बातल्याच एका पत्रकार-राजकारण्याने पसरवली, आणि तो व्हिझिनीचा कडवा विरोधक होता. त्याचा राग समजण्यासारखा आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये व्हिझिनीच्या माणसांनी त्याच गावात डाव्या पक्षांच्या सभेवर हल्ला केला होता. पण राग हा काही लष्करी कागद नव्हे.

म्हणून काय सिसिलीत काहीच घडलं नाही? घडलं. न्यूयॉर्कमधल्या सिसिलियन स्थलांतरितांकडून पोस्टकार्डं, फोटो, किनाऱ्याची माहिती गोळा झाली. नौदलाचे चार गुप्तचर अधिकारी पहिल्या लाटेबरोबर जेला आणि लिकाता इथे उतरले. लिकातात इटालियन नौदलाच्या कचेरीतली तिजोरी फोडून कागद मिळवले, अशी त्यांच्यापैकी पॉल अल्फिएरी यांची साक्ष आहे. नौदल-माफिया संबंधांवरच्या १९५४ च्या हर्लंड्स चौकशीतल्या या साक्षी नौदलाच्या आग्रहामुळे वीसेक वर्षं लोकांसमोर आल्या नाहीत. ही दडवादडवी झाली नसती तर रुमालाला एवढी जागाच मिळाली नसती.

सर्वांत भरीव संबंध आला लढाईनंतर. फॅसिस्ट महापौर काढल्यावर जागी बसवायला स्थानिक माणसं हवी होती. "मला मुसोलिनीने छळलं" असं म्हणणाऱ्यांत मुसोलिनीचा प्रिफेक्ट, म्हणजे प्रांताधिकारी, चेझारे मोरीने १९२० च्या दशकात पकडलेले माफियावालेही होते. व्हिझिनी व्हिलाल्बाचा महापौर झाला तो असा. शिक्का, परवाना, धान्य आणि ट्रक हातात आले की काळा बाजार उभा राहतो. यावर लिहा. इथे कागद आहेत, माणसं आहेत, भुकेचा प्रश्न आहे.

चूक : जेनोव्हेझे आणि लुचियानो यांची सरमिसळ

दोस्त राष्ट्रांच्या लष्करी प्रशासनात दुभाष्या म्हणून बसून काळा बाजार चालवणारा न्यूयॉर्कचाच दुसरा माफियावाला, विटो जेनोव्हेझे होता. तोही सिसिलीत नव्हे, नेपल्सजवळच्या नोला भागात. अमेरिकेतून पळून आल्यावर त्याने फॅसिस्टांना पैसा पुरवला होता. लष्करी पोलिसांतल्या ऑरेंज डिकी या तरुणाने चोरीच्या लष्करी ट्रकांचा माग काढत त्याला ऑगस्ट १९४४ मध्ये पकडलं. वरून पाठबळ नसताना त्याने हे काम तडीस नेलं. डिकीला आपल्या संहितांत एक ओळही मिळत नाही, याचं वाईट वाटतं.

चूक : "माफी"

लुचियानोला माफी मिळाली नाही. शिक्षा कमी झाली, तीही देश सोडण्याच्या अटीवर. तो अमेरिकेचा नागरिक नव्हता, म्हणून हद्दपारी शक्य झाली. १९४३ मध्ये त्याचा पहिला अर्ज न्यायाधीशांनी फेटाळला होता. दुसरा अर्ज ८ मे १९४५ ला, युरोपातलं युद्ध संपलं त्याच दिवशी केला गेला. 'माफी' लिहिलंत तर ही सगळी साखळी एका शब्दात पुसली जाते.

चूक : मुंबईचं कलम

"आपल्या गोदीतही ब्रिटिशांनी असंच केलं असणार." 'असणार' हा शब्द लिहिताना पेन खाली ठेवा. हाजी मस्तान गोदीत हमाल म्हणून लागला तोच १९४४ च्या सुमारास. सोन्याच्या चोरट्या आयातीने माणसं गब्बर झाली ती १९६० च्या दशकात, सुवर्ण नियंत्रण आल्यावर. युद्धकाळातल्या मुंबईत रेशनिंग होतं, काळा बाजार होता, पण त्यावरून न्यूयॉर्कसारखा करार सिद्ध होत नाही.

मुंबईवर लिहायचंच असेल तर एशियाटिकमध्ये किंवा पुराभिलेखागारात जा आणि १९४४ ची वर्तमानपत्रं मागा. एक काळजी घ्या. युद्धकालीन सेन्सॉरमुळे गोदीतल्या स्फोटाच्या बातम्या बाहेर पाठवायला परवानगी मिळाली ती मेच्या दुसऱ्या आठवड्यात. तेव्हा १५ एप्रिलचा अंक बघून "काहीच छापलेलं नाही" म्हणत उठू नका. फाईल मे अखेरपर्यंतची मागवा.